पर्लकोटेपलीकडचा नाताळ

प्रवासाला निघताना मनुष्य आपले सामान घेऊन निघतो. गेल्या डिसेंबरात मी मात्र निघालो तो दुसऱ्याचे सामान घेऊन. एक पत्र्याचा डबा, त्यात करंज्या नि शंकरपाळे, वर वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक केक, आणि डब्याच्या कडीला दोऱ्याने बांधलेले एक बंद पाकीट. हे सारे आमच्या शेजारच्या बाईंचे. बाई मूळच्या नगरच्या. त्यांचे आजेसासरे मिशनच्या शाळेत मास्तर होते. घरात 'ज्ञानोदया'चे बांधीव अंक अजून कपाटात आहेत. यजमान टपालखात्यातून निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी गेले. मुलगी एकुलती एक. ती परिचारिकेची परीक्षा पास झाली, पुण्यातल्या पुण्यात नोकरी चालून आली, आणि ती सोडून ही पोर कंत्राटी जागेवर थेट गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाला, भामरागडच्याही पुढे निघून गेली. त्याला दोन वर्षे झाली होती.

"भाऊजी," बाई म्हणाल्या, "तुम्ही जंगल पाहायला जाता आहात, तर माझे एवढे काम करा. डबा तिला द्या, आणि तिला घेऊनच या. फोनवर नुसते हं हं करते. शेवटी रेंज जाते. का ती मुद्दाम घालवते, देव जाणे!"

मी बरे म्हटले. दुसऱ्याच्या मुलीला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला कोणालाही आवडते.

गाडी वर्ध्यावरून चांद्याला आली तेव्हा पहाट होती. शहराचे नाव १९६४ साली चंद्रपूर झाले. पण मागल्या पिढीच्या तोंडून अजून 'चांदा'च येते, आणि मलाही तेच बरे वाटते. गोंड राजांनी बांधलेला परकोट, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर अशा चार वेशी, झरपटेच्या काठची महाकाली, आणि या साऱ्यावर रात्रंदिवस पसरलेला औष्णिक वीजकेंद्राचा धूर. २९२० मेगावॅट वीज येथे होते असे सांगतात. ती आपण पुण्या-मुंबईस जाळतो, आणि राख चांद्याच्या वाळत घातलेल्या धोतरांवर पडते. असो.

चांद्याला मी थांबलो तो एका वेगळ्याच कुतूहलाने. निळकंठशास्त्री गोरे हे नाव आता फारसे कोणी घेत नाही. जन्म १८२५ चा, घराणे चित्पावन, वाढ काशीत, षड्दर्शनांचा अभ्यास मोठा. ख्रिस्ती मिशनऱ्यांना वादात हरवायला म्हणून गेले आणि १८४८ साली स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. पंडिता रमाबाईंच्या विचारांना वळण देणाऱ्यांत त्यांचे नाव घ्यावे लागते. स्कॉटलंडच्या बिशपांच्या चर्चने १८७० नंतर चांद्याला काम सुरू केले, तेव्हा प्रारंभीच्या दिवसांत तेथे येऊन राहिलेले ते हेच फादर गोरे. काशीचा शास्त्री, गोंडांच्या राजधानीत, स्कॉटिश मंडळीच्या पदरी! असले योग इतिहासच जुळवू शकतो. पुढे अ‍ॅलेक्स वुड नावाचे एक पाद्री येथे बरीच वर्षे होते. चांद्याच्या मुलखावर त्यांनी १९०६ साली एक इंग्रजी पुस्तकही प्रसिद्ध केले. हे वुडसाहेब पुढे नागपूरचे बिशप झाले. त्यांची गाठ आपल्याला पुन्हा पडायची आहे.

ख्रिस्ती वस्ती या दोन्ही जिल्ह्यांत थोडी. शंभरात एकही भरत नाही. त्यातही प्रकार पुष्कळ. जुनी मराठी प्रोटेस्टंट घराणी आहेत. त्यांच्यापैकी बरीचशी १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारताच्या चर्चमध्ये आली. सिरोंचाकडे अमेरिकन मेथडिस्टांच्या कामातून आलेली तेलुगू बोलणारी मंडळी आहेत. आणि बल्लारपूरला कॅथलिक बिशपांचे घर आहे, ते केरळच्या सिरो-मलबार परंपरेचे. केरळाबाहेर त्या परंपरेने पहिले मिशनक्षेत्र मांडले ते १९६२ साली, या चांद्याच्या मुलखात. त्यामुळे बल्लारपुरात नाताळच्या आदल्या आठवड्यात मराठी गाणे, मल्याळी हेल आणि कोळसाखाणीतल्या मुलांची ढोलकी असे सारे एकाच अंगणात ऐकू येते.

धर्मांतर हा शब्दही चांद्याला नवा नाही. नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉक्टर आंबेडकरांनी येथे हजारोंना दीक्षा दिली. तेव्हा कोणी कोणता धर्म का धरला याची चर्चा चांद्याच्या चहाच्या टपरीवरही मोठ्या जाणकारीने चालते. मी दोन कप चहा घेईपर्यंत तीन मते ऐकली.

भामरागडपर्यंत जीप ठरवली. चालवणारा पंचविशीतला पोरगा, मूळ चांद्याचाच. गाडीच्या काचेवर ना हनुमान ना येशू; फक्त एक लिंबू-मिरची. मी सहज विचारले तेव्हा कळले की लिंबू-मिरची गाडीच्या मालकाची आहे, आणि पोरगा रविवारी चर्चमध्ये तबला वाजवतो.

"मालकाची गाडी, मालकाचं लिंबू," तो म्हणाला. "मी काऊन काढू?"

आधी तो कोळशाच्या एका वाहतूकदाराकडे वजनकाट्यावर होता. ट्रक काट्यावर चढतो, आकडा येतो, तो पावतीवर लिहायचा. काम म्हणाल तर एवढेच. पण काही ट्रकांचा आकडा काट्यावर एक आणि पावतीवर दुसरा लिहावा लागे, आणि महिनाअखेरीस त्याबद्दल एक पाकीट मिळे. चार महिने याने पाकीट घेतले. हे त्याने मला स्वतः सांगितले, मी विचारले नव्हते. पाचव्या महिन्यात नको म्हणाला.

मला वाटले, आता प्रवचन येणार. म्हटले, "बायबलात वाचून?"

"बायबलात होतंच ना ते, काका. चार महिने बी होतंच." त्याने समोरच्या खड्ड्याला वळसा घातला. "मले झोप येत नव्हती. तबला वाजवाले बसलो की हात चुके. पास्टरसाहेब म्हणाले, तुझ्या मनात काय आहे? मग सांगून टाकलं."

नोकरी अर्थातच गेली. पगार आता निम्मा आहे, घरी धाकटी बहीण शिकते आहे, आणि वडील त्याच्याशी वर्षभर धड बोलले नाहीत. ते स्वतः चर्चचे पंच. मुलाने खरे बोलावे अशी त्यांची फार इच्छा होती, पण नोकरी राखून. ही इच्छा काही ख्रिस्ती बापांचीच नव्हे. मी माझ्याही घरात ऐकली आहे, आणि बोललोही आहे.

आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ च्या २६ ऑगस्टला चांद्यातून हा वेगळा निघाला. रस्ता एके काळी निवांत असेल. आता सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक येतात आणि दोन्ही बाजूंची झाडे तांबडी करून जातात. आलापल्ली सोडून भामरागडच्या वाटेला लागलो तेव्हा कोठे खरे रान दिसले. साग म्हणजे काय ते येथे पाहावे. सरळ, उंच, आणि गप्प. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना २०२३ साली लाकूड गेले ते याच मुलखातून. आलापल्लीच्या एका छोट्या प्रार्थनाघरात मी वेदी पाहिली, तीही याच सागाची. झाडाने कोणाला नाही म्हटलेले नाही.

रान दाट झाले तसा आमचा सारथी गप्प झाला, आणि मला शामराव हिवाळे आठवले.

शामराव हे नगरच्या हिवाळे घराण्यातले. नगरचे कॉलेज काढणारे भास्करराव हिवाळे त्यांचे बंधू. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात त्यांची व्हेरियर एल्विन या तरुण इंग्रज पाद्र्याशी गाठ पडली, आणि १९३२ च्या जानेवारीत हे दोघे मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी गोंडांमध्ये राहायला गेले. तो मुलूख तेव्हा चांद्याप्रमाणेच मध्यप्रांतात होता. आणि आता वुडसाहेब पुन्हा येतात. प्रांताच्या बिशपांचा परवाना पाहिजे होता. बिशप वुड यांनी सरकारशी निष्ठेची शपथ मागितली. एल्विन गांधीजींचे झालेले. त्यांनी नकार दिला. परवाना मिळाला नाही. तीनच वर्षांत, १९३५ साली, एल्विननी चर्चच सोडले.

एल्विन पुढे जगप्रसिद्ध झाले, ग्रंथ लिहिले, मान मिळवले. शामरावांचे काय? गोंड एल्विनना बडाभाई म्हणत आणि शामरावांना छोटाभाई. दवाखाना, शाळा, महारोग्यांची वस्ती, कोणाच्या जमिनीचा तंटा, कोणाची सोयरीक, असली न संपणारी आणि पुस्तकात न येणारी कामे छोटेभाईंकडे. वुडसाहेबांनाही मी खलनायक करणार नाही. ज्या माणसाने चांद्याच्या उन्हात वर्षे काढली त्याला गोंड ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? पण शपथ मागणारा बिशप, ती नाकारणारा पाद्री आणि औषधाची बाटली भरणारा नगरचा तरुण या तिघांत मला भेटायला आवडले असते ते तिसऱ्याला.

हेमलकशाला लोकबिरादरीत तासभर थांबलो. १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी येथे काम मांडले आणि डॉक्टर प्रकाश नि मंदाकिनी आमटे यांनी ते आयुष्यभर चालवले, हे वाचकांना ठाऊक आहे. मी नव्याने काय सांगणार? पुढे पर्लकोटेचा पूल. गेल्या कित्येक पावसाळ्यांत या नदीला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटला आहे. डिसेंबरात मात्र ती अगदी सोज्ज्वळ दिसत होती. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा येथे संगम होतो. पलीकडचा काठ छत्तीसगडचा.

आरोग्यकेंद्राच्या गावाचे नाव मी देत नाही. तारीख २४ डिसेंबर, वेळ दिवे लागणीची. पण दिवे लागले नव्हते. ओसरीवर मेणबत्तीच्या उजेडात एक मुलगी एका उघड्या पोराच्या बोटाला सुई टोचत होती. थेंब काचपट्टीवर घेतला, दुसरा तपासणीच्या पट्टीवर, आणि मग वर पाहून म्हणाली, "काका, तुम्ही? आईने पाठवले ना? केक चेपला का?"

केक चेपला होता.

महाराष्ट्रात ज्या भागांत हिवताप फार, त्यांत हा जिल्हा मोडतो. त्या पोराच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. त्याच्या बापाने, गळ्यात मण्यांची माळ, खांद्यावर कुऱ्हाड, काही विचारले. ती माडियात उत्तरली. दोन वर्षांत ती भाषा तिला बोलण्याइतकी येऊ लागली होती. तिच्या आईला हे ठाऊक नव्हते. मला ते पाहून एकदम वाटले की आपले काम फुकट जाणार.

केंद्राच्या आवारात 'माहेरघर' आहे. दिवस भरत आलेल्या बायकांनी आधीच येऊन राहावे, वेळेवर खाट खांद्यावर घेऊन नाले तुडवायची पाळी येऊ नये, म्हणून सरकारने केलेली ही सोय. नाव फार गोड, पण बायका तेथे टिकत नाहीत. धान कापणी, घरची पोरे, कोंबड्या, सारा जीव गावात. त्या संध्याकाळी एक अगदी तरुण बाई गाठोडे बांधून निघाली होती. पुजाऱ्याने घरी ये म्हणून निरोप दिला होता. ही तिच्याशी भांडली नाही. तिने निरोप्यालाच सांगितले, पुजाऱ्याला इथे घेऊन ये. म्हातारा दोन तासांनी आला, अंगणात तांदूळ टाकले, काही पुटपुटला. ही बाजूला हात बांधून उभी. झाले तेव्हा त्याला चहा दिला. बाई राहिली.

येथे मोठी नाट्यमय गोष्ट लिहिता आली असती, की नाताळच्या मध्यरात्री मूल जन्मले वगैरे. पण ती बाई २७ तारखेला बाळंत झाली. मी तेव्हा परतीच्या गाडीत होतो. मुलगी झाली.

रात्री मी तिला सरळच विचारले. म्हटले, "लोक म्हणतात तुमची माणसे औषधाबरोबर धर्म देतात. तू देतेस?"

तिला राग आला असावा, पण आवाज चढला नाही. "वर कोणीतरी तसा अर्ज केला होता, काका. मी रोग्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करते म्हणून. चौकशी झाली. मी ताप पाहायला कपाळावर हात ठेवते. थर्मामीटर दोनच आहेत, त्यातला एक फुटका." थोडे थांबून म्हणाली, "कोणी विचारले तर मी कोण ते सांगते. नाही विचारले तर सुई टोचते."

"मग हे तुला पुण्यात करता आले नसते?"

"आले असते की." याहून जास्त ती बोलली नाही. पण मेणबत्ती बदलताना आपणहून म्हणाली, "ऑगस्टमध्ये एक मूल गेले. मेंदूचा हिवताप. नाला भरलेला होता, गाडी अलीकडे येईना. सहा तास मी त्याला धरून बसले होते. त्यानंतर कितीतरी दिवस मला प्रार्थना म्हणताच येईना. तोंड उघडले की राग येई. आईला कसे सांगणार? तिला वाटते मी इथे फार भक्तिभावाने राहते."

"आता येते म्हणता?"

"आता कधी येते, कधी नाही. काम रोज येते."

त्या रात्रीची उपासना दवाखान्यामागच्या तिच्या खोलीत झाली. ख्रिस्ती माणसे तीन: ती, आमचा तबलजी सारथी, आणि जवळच्या आश्रमशाळेतला एक शिक्षक, नवापूरकडचा, मावची बोलणारा. शिवाय चांद्याची बौद्ध परिचारिका, केंद्राचा माडिया शिपाई, आणि मी, ज्याला घरी रोज संध्याकाळी रामरक्षा म्हणायची सवय. आवाज बेताने, कारण पलीकडे रोगी निजलेले. आणि अर्ज झाल्यापासून ती मोठ्याने गातही नाही. रेव्हरंड टिळकांची भजने निघाली. ती मला लहानपणापासून पाठ आहेत; आमच्या मराठीच्या मास्तरांनी त्यात कधी धर्म शोधला नव्हता. सारथ्याने तबल्याऐवजी औषधांचे खोके घेतले, आणि त्याचा हात चुकला नाही. मग शिक्षकाने मावचीत एक गाणे म्हटले. शिपायाला ते फारच आवडले. त्याने दोनदा म्हणायला लावले. केकचे सात तुकडे झाले, सातवा पोटुशीला.

पाकीट मी सकाळी दिले. तिने ते तेथेच उभ्या उभ्या वाचले. चार ओळी असाव्यात, कारण वाचायला वेळ लागला नाही. पण घडी घालायला लागला.

"मार्चमध्ये माझा करार संपतो," ती म्हणाली. "पुन्हा अर्ज करायचा की नाही, मी ठरवलेले नाही. हे तुम्ही आईला सांगू नका, ती उगाच आशा धरील. नाही तर, सांगा. तुम्हाला योग्य वाटेल तसे."

माझे चार शहाणपणाचे शब्द मी बरोबर आणले होते. ते तसेच परत नेले. तिने त्या रिकाम्या डब्यात आईसाठी चारोळी भरली, बाजूला मोहाच्या सुकवलेल्या फुलांची पुडी ठेवली, आणि बसता बसता सारथ्याला परतीच्या वाटेवर पोहोचवायच्या काचपट्ट्यांचे एक खोके दिले. त्याने ते माझ्या मांडीवर ठेवले. म्हणून हेमलकसा, ताडगाव, आलापल्ली असा सारा खडबडीत रस्ता मी कोणाकोणाचे रक्त सांभाळत आलो, आणि सागाकडे पाहायचे राहूनच गेले.

पुण्यास पोहोचलो ती संध्याकाळ. बाई जिन्यातच उभ्या होत्या. मी एकटा पाहून काही बोलल्या नाहीत. डबा हातात घेतला, झाकण उघडले, चारोळीचा एक दाणा दाताखाली धरला.

"बारीक झाली का?"

"थोडी," मी म्हटले. "पण त्यांची भाषा बोलते ती. माडिया. फडाफडा बोलते."

"असे?" बाई म्हणाल्या. बराच वेळ त्या डब्याकडेच पाहत होत्या. "लहानपणी बोलायला फार उशीर केला होता तिने. तीन वर्षांची होईतो शब्द नाही. हे म्हणायचे, मुकीच निघाली."

मार्चचे मी सांगितले की नाही, ते माझ्यापाशीच राहू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला हाक मारून विचारले, चांद्याची गाडी कोठून सुटते, आणि म्हाताऱ्या माणसाला खालचा बाक मिळतो का.